हंड्यापर्यंतचा चढ

जुन्या ब्रुअरीतल्या लोखंडी शिडीवरून कुनी डिपोल्ड पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. बिअर मुरवायचं काम मात्र तिनं सोडलं नाही. फक्त हंड्यांपर्यंत जाता येईना. तिच्या धाकट्या भावानं, लोरेंझनं, पाहुण्यांना आत बघता येईल अशी नवी ब्रुअरी बांधायला काढली, तेव्हा बाम्बर्गहून हार्टविग नावाचा वास्तुकार आला. त्यानं पुठ्ठ्याची प्रतिकृती टेबलावर मांडली. चारी बाजूंनी काच, मधोमध तांब्याचे हंडे आणि त्यांना वेढत वर जाणारा पोलादी जिना.

"सुरेख आहे," कुनी म्हणाली. "मी वर कशी जाणार?"

"मागे मालाची लिफ्ट आहे ना."

"म्हणजे माल्टच्या पोत्यांबरोबर."

"कुनी, तुला वर जायचंय कशाला?" लोरेंझ म्हणाला. "खाली पडद्यावर सगळे आकडे दिसतील."

"वास येईल का पडद्यातून?"

तिनं प्रतिकृतीत हात घातला आणि जिना उपटून बाजूला ठेवला. "इथे चढ करा. पाहुणे त्यावरूनच जातील आणि मीही."

हार्टविगचा चेहरा पडला. "बाई, तेवढा चढ बसवायचा तर सगळ्या दालनाला वळसा घालावा लागेल. प्यायला बसायची अर्धी बाकं जातील."

"मग बाकं अंगणात टाका, चेस्टनटच्या झाडांखाली. आत कोण बसतंय उन्हाळ्यात?"

लोरेंझनं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. कुनीनं हार्टविगला पुन्हा बोलावलं, आपल्या जुन्या चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि टेकडीवरच्या बिअरच्या तळघरांच्या रस्त्याला नेलं. अर्ध्यावरच त्याचे हात भरून आले. ती वर पोचून वाट बघत होती.

"हा चढ फार झाला," ती वरून म्हणाली. "याच्या निम्मा करा."

तो हसला नाही, वादही घातला नाही. कसाबसा वर पोचला आणि खुर्चीत बसूनच त्यानं तिच्या डोळ्यांची उंची मोजून घेतली.

ब्रुअरी मे महिन्यात उघडली. काचेच्या कडेकडेनं चढ सावकाश वर जात होता. त्यावरून गावातले म्हातारे काठ्या टेकत निघाले, बाबागाड्या निघाल्या. लोरेंझ खुर्चीमागे आला.

"ढकलू का थोडं?"

"हात लावून तर बघ."

तो हात मागे बांधून शेजारून चालू लागला. वर पोचल्यावर तिनं हंड्याचं झाकण स्वतः उघडलं. हार्टविगनं ते बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं ठेवलं होतं. माल्टची गरम, गोडसर वाफ तोंडावर आली. तिनं ती छातीभर ओढून घेतली.

"अजून उकळू दे," ती म्हणाली. "हॉप्सची कडू फुलं इतक्यात नकोत."

मागे रांग लागली होती. आत डोकावायला एकेका पाहुण्याला कमरेत वाकावं लागत होतं.


"जरा खालीच ठेवलंय हे," एक गृहस्थ कुरकुरले.

"बरोबर ठेवलंय," लोरेंझ म्हणाला. "वाका."