सुपारी कातरताना ऐकलेलं

मी जयाबाईंचा अडकित्ता. मोराच्या आकाराचा, पितळी मुठींचा, पोलादी पात्याचा. त्यांच्या वडिलांनी मला बेळगावात घेतलं आणि जांबोटीहून काकतीला, लेकीच्या सासरी, रुखवतात पाठवलं.

जयाबाईंचे यजमान यल्लाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. कारकून आहेत, असं लग्न ठरताना सांगितलं होतं. महिन्या-पंधरवड्यानं घरी येत. जेवणं झाली की जयाबाई पान लावत, ते माझ्याने सुपारी कातरत. नवरा-बायकोचं बोलणं व्हायचं ते तेवढ्यातच.

"मालकानं मला गादी दिलीया निजायला. एक मांजर बी हाय बघ वखारीत, पांढरं, एकच कान काळा."

असं सांगताना त्यांचं तोंड भरभर चाले आणि मीही. पण "तुझी लई... आठवण येत्या" म्हणताना मी अर्ध्या सुपारीत अडकून राही.

शेजारच्या मनुआक्कांचे यजमानही निपाणीलाच. त्या एकदा म्हणाल्या, "जये, तंबाखूवाल्यांची निपाणीत दुसरी चूल असत्या गं. इचारून बघ. अडखळला की समज."

"तुमच्या मालकांचं कसं कळलं, आक्का?"

"ते अडखळतच न्हाईत. म्हणून तर अजून कळलं न्हाय!"

दोघी हसल्या. जयाबाई मात्र त्यानंतर नीट जेवल्या नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलंच. "आवो, निपाणीत कोण हाय तुमचं?"

माझं पातं थांबलं. "कोण... म्हंजे... असं का इचारतीस?"

झालं! मलाही वाटलं, माणूस खोटा. सकाळी जयाबाईंनी मला लुगड्याच्या बोचक्यात घातलं आणि जांबोटी गाठली. आता परत जायचं नाही, असं वडिलांना सांगून टाकलं.

काही दिवसांनी यल्लाप्पा चालत आले. जयाबाईंनी पाणी दिलं, मग पानाचं तबक पुढं सरकवलं.

"कातरा. आणि कातरता कातरता बोला."

त्यांनी सुपारी माझ्यात धरली. सुपारी दोनदा निसटली.

"मी... कारकून न्हाय, जया. हमाल हाय. पोती वाहतो. गादी न्हाय. पोत्यावरच निजतो. तुझ्या बानं हमालाला... पोरगी दिली नसती."

सदरा बाजूला करून त्यांनी खांदा दाखवला. कातडी घट्ट, काळी पडलेली.

 जयाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मांजर बी न्हाय?"

"न्हाय."

म्हणजे भरभर बोललेलं सगळं खोटं, आणि अडखळत बोललेलं खरं! मला वाटलं, आता या माणसाची खूण मला सापडली.

तेवढ्यात जयाबाईंनी हळूच विचारलं, "आणि बाई?"

"न्हाय," ते लगेच म्हणाले. सुपारी एका दाबात दुभंगली.

मी गोंधळलो. हे न अडखळता आलेलं 'न्हाय' कुठलं? मांजराच्या गोष्टीतलं, की ज्याच्या मनात काहीच नाही त्याचं? जयाबाईंनी त्या दोन फाका उचलल्या. मग त्यांनी विडा केला, यल्लाप्पांच्या हातात ठेवला आणि आत जाऊन लुगडी बोचक्यात बांधायला घेतली.

संसार झाला. बरा झाला. यल्लाप्पांना जाऊनही आता वर्षं लोटली. परवा स्वातंत्र्य आलं, चावडीवर नवा झेंडा चढला. जयाबाईंचे दात गेलेत. पान-सुपारी त्या खलबत्त्यात कुटतात. माझी खीळ ढिली झाली आहे. मी कोनाड्यात पडून असतो.

कधीतरी त्या मला खाली घेतात, नुसतंच उघडतात, मिटतात. "ते खरं बोलले व्हते व्हय रं?"

मी करकरतो. काय सांगू? जयाबाई, सुपारी कशी कातरली गेली तेवढंच मला ठाऊक. हातात विडा तुम्ही ठेवलात. का ठेवलात, ते तुम्हीच मला एकदा सांगा.