एकेचाळीस माणसांचा पेला

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, पण बारवाल्याचं मनगट आत्ताच संपावर गेलं होतं. तीस वर्षं ढवळून ढवळून ते असं करकरायला लागलं होतं, की कोपऱ्यातलं मांजर दार उघडलं समजून उठून बसायचं.

"गेले तीन मंगळवार डॉक्टरांनी पेला परत पाठवलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "आजही पाठवला तर काका, उद्यापासून तुम्ही मागे पेले विसळायला. गिऱ्हाईक कंटाळलंय हो."

"मीही कंटाळलोय बाई. पण मला कुठे परत पाठवायची सोय आहे?"

डॉक्टर दातांचे, निवृत्त. त्यांचं ठरलेलं असायचं: भट्टीत भाजलेल्या घायपाताची धुरकट मेझकाल, तिच्यात चेरीची गोड दारू, बर्फावर ढवळून गाळलेली. जास्त ढवळली तर पाणचट, कमी ढवळली तर घसा खरवडते. आणि हल्ली खरवडत होती.

बारवाला आकडे मोजत नसे; चौदापर्यंत गेला की त्याला झोप यायची. तो नातेवाईक मोजायचा. एका फेऱ्याला एक माणूस. थोरल्या आत्यापासून सुरुवात, मग चुलत, मावस, मामे, असं करत एकेचाळीस माणसं झाली की चमचा बाहेर. थोरली आत्या तिकडे गावी शिंकली तर इकडे पेल्यात बुडबुडा येतो, हे तो शपथेवर सांगे.

डॉक्टर येऊन बसले. बारवाल्याने बर्फ टाकला, दोन्ही दारू ओतल्या आणि आत्याला पुढे घातलं. धाकट्या मामाच्या धाकटीपाशी मोजणी संपली. त्याने सवयीने भांडं गालाला लावलं. गार होतं, पण चावत नव्हतं. तीस वर्षं चावत आलं होतं.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. महिन्यापूर्वी दादा चारचौघांत म्हणाला होता, "आमचा धाकटा जगाचे पेले ढवळतो, घरी चहासुद्धा बायको ढवळते." त्या दिवसापासून त्याने दादाला मनातून काढून टाकलं होतं. एकट्याला नव्हे, अख्ख्या बिऱ्हाडासकट. म्हणजे सात फेरे गेले!

त्याने सुस्कारा सोडून चमचा परत आत घातला. वहिनी. तिचा बिचारीचा काय दोष? दोन्ही पुतणे. त्यांच्या बायका. दादाची सासू; ती ठार बहिरी, तिने काही ऐकलंसुद्धा नव्हतं.

सहा झाले. हात थांबला. मनगट म्हणालं, बास की आता. एका फेऱ्याने कुणाचं काय बिघडतंय? पण समोर बसलेल्या माणसाने जन्मभर मोहरीएवढी कीड शोधून काढली होती.

"फिर बाबा," बारवाला पुटपुटला, "तूही फिर."

दादा अंगानेही भारीच. चमचा खरोखर जड झाला, बर्फ कुरकुरला, पण फेरा पुरा झाला.

डॉक्टरांनी घोट घेतला. तोंड वाकडं होईल म्हणून मालकीणबाई दारात श्वास रोखून उभ्या राहिल्या. दुसरा घोट गेला. मग तिसरा.

"हं," डॉक्टर म्हणाले, "आज सगळं जागेवर आहे. आणखी एक करा."

बारवाल्याने मनगट चोळलं, नवा बर्फ घेतला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "आत्या, उठा. पुन्हा निघायचंय."