सासऱ्याच्या नावाचं जनावर

सिवारू डोंगरावर कुणी खोटं बोलत नाही, असं तिथले म्हातारे छातीवर हात ठेवून सांगतात. छातीवर सुपारीची पिशवी लोंबत असते, आणि हात खरं तर तिच्यावर असतो.

दोरिकालाही खोटं बोलायचं नव्हतं. तिला फक्त वनखात्यातली वाटाड्याची नोकरी हवी होती, आणि नोकरीबरोबर मिळणारे रबरी बूट. वीस वर्षं ती अनवाणी पायांनी जंगलातल्या जळवांना जेवू घालत होती.

किनाऱ्याकडून आलेले गावेरा साहेब वही उघडून बसले. शेजारी बूट. जो जास्त जनावरं सांगेल त्याला नोकरी. पलीकडच्या कुळातल्या याम्बेनं धडाधडा पाच सांगितली. त्यातलं एक त्याचं स्वतःचं डुक्कर होतं.

"आता तू बोल, बाई," साहेब म्हणाले. "उंदराएवढी, पण शिकार करून मांस खाणारी, पिल्लं पोटाला लटकवून हिंडणारी जनावरं आहेत म्हणे इकडे?"

होतं. एकच होतं. त्याचं बीळ, त्याच्या वेळा, त्याच्या खोड्या, दोरिकाला सगळं ठाऊक. पण त्याचं नाव तिबुक, आणि अंगणात रताळं सोलत बसलेल्या तिच्या सासऱ्याचं नावही तिबुक. सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारलं की दंड एक डुक्कर. घरात डुक्कर एकच होतं.

"ते... पाठीवर पट्टे असलेलं," ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं: एक.

"बेडकाचं आधी डोकं खातं, बघा."

दोन.

"पडलेल्या ओंडक्यात राहणारं. लालसर तोंडाचं. भर दुपारी फिरणारं."

तीन, चार, पाच. साहेबांचा चेहरा उजळत चालला. एवढ्याशा डोंगरावर एवढी श्रीमंती!

"स्वयंपाकघराच्या छपरातली झुरळं खाणारं," दोरिका म्हणाली आणि तिचं लक्ष वहीतल्या सहाच्या आकड्याकडे गेलं. तिनं बुटांकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे पाहिलं. आणि शांतपणे सातवं सांगितलं, "शेपटी झुपकेदार असलेलं."

याम्बे ताडकन उठला. "साहेब, ही बाई तुम्हाला गंडवतेय! हे सगळं एकच आहे. तिबुक! तिबुक!"

"आठ," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "छान. हे तुझ्या खात्यात, याम्बे. तुझी सहा झाली."

"काय रे याम्बे," अंगणातून म्हातारा खेकसला, "कशाला बोंबलतोस माझ्या नावानं? मेलो नाही अजून."

"मामंजी, तुम्ही सोला रताळी," दोरिका म्हणाली.

सात विरुद्ध सहा. नोकरी दोरिकाला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना आठ सापळे लावून दिले, प्रत्येकात डब्यातल्या माशाचा तुकडा. दुपारी एकात जनावर सापडलं. पट्टे, लालसर तोंड, झुपकेदार शेपटी. त्यानं साहेबांचा अंगठाही चावला.

"हे एक झालं," अंगठा चोखत साहेब म्हणाले. "उरलेली सात तुलाच शोधावी लागतील. दोन-तीन वर्षं तरी लागतील."

"लागतील," दोरिका म्हणाली आणि बूट घालायला बसली.

बूट दहा नंबरचे होते. तिचा पाय चार नंबरचा.