न वाटलेलं टॉनिक

आमच्या वैद्यकीय संस्थेच्या तीस वर्षांच्या संशोधनाचं मूल्यमापन करायला बाहेरून समिती येणार होती. समुद्रपूरचं ग्रामीण संशोधन केंद्र चालवायचं की बंद करायचं, तेही तीच ठरवणार. मी त्याच केंद्रात काम करते, अहवालही माझ्याकडेच.

"टॉनिकचा अभ्यास काढून टाक," विभागप्रमुख मोहिनी मॅडम म्हणाल्या. "एकच शोधनिबंध, तोही कुणी वाचला नाही. त्यातून सरकारनं काय सुरू केलं? काहीच नाही."

"सुरू केलं नाही, हेच तर त्याचं काम, मॅडम!"

गरोदर बायांना राज्यभर एक टॉनिक वाटायचं घाटत होतं. आमच्या लोकांनी गावोगाव फिरून दाखवलं, की त्यानं बाळांची वजनं वाढत नाहीत. उलट बायांची मळमळ वाढते, जेवण कमी होतं. योजना आलीच नाही. माझी आचल पोटात होती तेव्हा मला ते कुणी पाजलं नाही. पण न झालेली गोष्ट अहवालाच्या कोणत्या रकान्यात बसवायची?

"सिद्ध कर, मग ठेव," मॅडम म्हणाल्या.

घरी आल्यावर आचलला मांडीवर झोपवून मी पुंडलिकरावांना फोन लावला. ते आरोग्य खात्यात अधिकारी होते, तेव्हा तो प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर होता; आता निवृत्त होऊन जाम गावी राहतात. नेमकी आचल रडत उठली.

"कोण रडून राह्यलं?"

"माझी लेक, काका."

"मंग आधी तिले पाह्य. मी कुठं पळून चाललो?"

सासूबाई आल्याच. "इकडं दे तिले. अन् त्या साहेबाले सोडू नको!"

"तुमच्या आकड्यांनीच प्रस्ताव पडला," पुंडलिकराव म्हणाले. "समितीले सांगतो मी. पण पोरी, त्या साली खात्यात पैसाही नव्हता. ते लपवू नको."

मी तसंच लिहिलं: योजना थांबायला कारणं दोन, त्यातलं एक आमचा अभ्यास.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "अर्धंच श्रेय? बाकीचे विभाग अख्ख्या धोरणांवर हक्क सांगताहेत."

"अर्धं आहे, पण पक्कं आहे. कुणी खोदून विचारलं तरी टिकेल."

समितीनं खोदून विचारलंच. अध्यक्षांनी तिथूनच पुंडलिकरावांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी दोन्ही कारणं सांगितली, न अडखळता. अध्यक्षांनी इतर विभागांचे कागद बाजूला सारून आमचा अहवाल पुढे ओढला.

"केंद्र चालू राहील," ते म्हणाले. "पण आता एखादी योजना सुरूही होईल, असं काही करा."

मी तोंड उघडायच्या आत मॅडमच बोलल्या, "आकडे काय म्हणतात, ते बघू सर."