हिसानो रेन या नावामागची बाई

ओरियान लेस्कूर आणि मी फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कलाशाळेत एकाच वर्गात होतो. तिची चित्रं मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या वळणाची. मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे, "नक्कल चांगली जमते तुला. स्वतःचं कधी काढणार?" ती मान खाली घालून काढत राहायची.

पुढे सहा वर्षं आम्ही एका खोलीत बसून काम केलं. माणसं ती काढायची, मागची घरं आणि बोटी मी. गोष्ट तिच्या आजीची होती, फ्रान्सच्या ब्रतान्य भागातल्या किनाऱ्यावर सार्डिन मासे डब्यांत भरणाऱ्या कारखान्यातल्या बायकांच्या संपाची.

प्रकाशक कोर्देल यांनी पानं चाळली. "सुंदर आहे. पण फ्रेंच बाईचा मांगा कोण घेणार? गाव जपानात न्या आणि नाव जपानी लावा."

ओरियाननं गोष्टीतला कारखाना जपानच्या किनाऱ्यावर नेला. पुस्तक 'हिसानो रेन' या नावानं आलं आणि धडाधड खपलं. तिनं ते आजीला नेऊन दाखवलं. आजीनं दोन पानं उलटली आणि मिटून ठेवलं. "यातली एकही बाई मला ओळखीची वाटत नाही गं," ती म्हणाली. पुढच्या वर्षी आजी गेली.

चौथ्या भागानंतर ओरियान कोर्देलना म्हणाली, "पाचवा ब्रतान्यमध्ये घडेल आणि माझ्या नावानं येईल."

"नाव आमच्या मालकीचं आहे, मादाम. करार पुन्हा वाचा."

तिनं वर्तमानपत्राला मुलाखत देऊन सगळं सांगून टाकलं. वाचक तिच्यावरच उलटले. फसवलं म्हणाले, पुस्तकं परत पाठवली. महिनाभरात ते शांत झाले आणि कोर्देलनी मला बोलावलं. तिचा हात माझ्याइतका कुणाला माहीत होता? पुढचे भाग हिसानो रेन या नावानं काढायच्या करारावर मी सही केली. तिला मात्र कळवलं नाही.

पाचवा भाग आल्यावर ती मला शनिवारच्या बाजारात भेटली. तिच्या पिशवीत कांद्याची पात होती.

"डोळे नीट जमलेत तुला," ती म्हणाली. "हात मात्र अजून लाकडी येतात. मासे साफ करणाऱ्या बाईची बोटं कधी बघितलीस का?"

"ओरियान, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा कुणी..."

"हो रे. दुसरा कुणी असता तर बरं झालं असतं."

आता ती एका दवाखान्यासाठी माहितीपत्रकांची चित्रं काढते. मी सातव्या भागावर आहे.