एका दाबाला एकच गोळी

कान जरा इकडे करा, मी जॉयस्टिक बोलतेय. दिसायला काळी, बुटकी, तळाला चार रबरी पाय. पण अंतराळातली लढाऊ यानं माझ्या कलण्यावर कलतात बरं का!

कारखान्यातून मी आले ती थेट लोणावळ्यातल्या एका बंगल्यात. मालकांची हौस चार दिवसांत फिटली. दोन वर्षं मी कपाटात धूळ खात पडले. बंगला आवरताना मालकीणबाईंनी मला तिथल्या बागेचं काम पाहणाऱ्या विकासच्या हाती दिलं. त्याने मला जवळच्या औंढे गावी, घरी आणून आपल्या थोरल्या बहिणीपुढे ठेवलं.

ती राजेश्वरी. वय सव्वीस. घरचा ट्रॅक्टर तीच चालवते. तिचा तळवा माझ्या मुठीवर बसला आणि मला कळलं, हा हात दांडे ओळखणारा आहे!

‘शून्यमंडळ’ नावाचा ऑनलाइन खेळ ती खेळू लागली. दोन यानं, मध्ये उल्कांचा खच, समोरच्याला पाच गोळ्या आधी लावेल त्याचा डाव, तीनपैकी दोन डाव घेईल त्याचा सामना. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटणार, हा तिथला पक्का नियम. यानाचं इंजिन बंद करून तरंगत जायचं आणि नाक गर्रकन मागे फिरवायचं, ही चाल भल्याभल्यांना जमत नाही. राजेश्वरीला दुसऱ्या दिवशी जमली. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर रिव्हर्स घेणाऱ्या बाईला उलटं वळवायला काय शिकवायचं?

तीन वर्षं आम्ही दोघी रोज संध्याकाळी लढलो. यंदा राज्याच्या स्पर्धेत आम्ही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलो. तिथला सामना होता ‘जुना गडी’ नावाच्या खेळाडूशी. आम्ही सहज जिंकलो. राजेश्वरीने खुर्चीतच उडी मारली. तेवढ्यात स्पीकरमधून एक वयस्कर आवाज आला.

“मी जुना गडी, सखाराम, देहूरोडवरून बोलतोय. पोरी, तुझ्या तोफेतून मधेमधे एका दमात दोन गोळ्या सुटत्यात. मी मोजल्यात.”

“हरलात म्हणून बोलताय आबा!” राजेश्वरी तडकली आणि तिने स्पीकर बंद केला.

पण मी मनात चरकले. माझा ट्रिगर झिजला होता. एकदा दाबला तरी आतला स्विच कधीकधी दोनदा वाजायचा. मला ते ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

आबांचं बोलणं राजेश्वरीच्या डोक्यातून जाईना. तिने विकासला बोलावलं आणि खेळातलं सरावाचं मैदान उघडलं. “मी ट्रिगर मोजून दहा वेळा दाबते. तू पडद्यावर गोळ्या मोज.”

विकासने मोजल्या. “तेरा.”

दोघं बहीणभाऊ माझ्याकडे बघू लागले. दारात शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या आईने, अंबूबाईंनी, मान वर केली. “काय झालं गं?”

राजेश्वरीने सगळं सांगितलं.

“मंग आता?”

“आई, पंचांना कळवलं तर जिंकलेला सामना जाईल. न्हाई कळवलं तर कुणाला पत्ता लागणार न्हाई.”

“त्या बाबाला लागलाय की,” आई म्हणाली. “आन त्याला तू खोटं पाडलंस.”

राजेश्वरीने लगेच पंचांना लिहिलं: माझी जॉयस्टिक सदोष होती, माझा विजय रद्द करा. आता ही मला भंगारात टाकणार, या भीतीने मी गारठले. पण ती विकासला म्हणाली, “हिचा काय दोष? झिजली बिचारी. उघड हिला.” विकासने एका जुन्या माउसमधला स्विच काढून माझ्या पोटात बसवला. दहा दाब, दहा गोळ्या!

पंचांनी पुढच्या रविवारी सकाळी सामना पुन्हा ठेवला. सुरुवातीलाच राजेश्वरी म्हणाली, “आबा, चुकलं माझं. तुमचं खरं होतं.”

“व्हय, कळलं मला पंचांकडून. आता बोलू नगंस, लढ!”

आणि काय लढले दोघं! पहिला डाव आमचा, दुसरा सखाराम आबांचा. तिसऱ्यात चार-चार गोळ्या लागलेल्या. राजेश्वरीच्या घामाने माझी मूठ ओली झाली. आबांचं यान पाठीमागे लागलं. राजेश्वरीने इंजिन बंद केलं, मला उजवीकडे कचकन ओढलं, नाक गर्रकन मागे! समोर आबा! तिने ट्रिगर दाबला. आबांनी यान खाली बुडवलं, गोळी त्यांच्या पंखावरून सणसणत गेली, आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा नेमके त्याच रेषेत वर आले. तेव्हा जुन्या स्विचची दुसरी गोळी सुटली असती, तर त्यांना लागली असती.

ती सुटली नाही. त्यांची मात्र आम्हाला लागली.

सामना आबांनी जिंकला. मग राजेश्वरी टेबलावर हात आपटून ओरडली, “आबा, कसलं बुडवलंत हो! शिकवा की मला!”

“लय पळवलंस गं,” आबा धापा टाकत हसले. “जोडीच्या सामन्यात माझ्या बाजूनं खेळशील का?”

आता दर रविवारी आमची जोडी उतरते. माझ्या मुठीचं रबर सुटायला आलंय, बुडाशी एक पाय गळालाय. तरी ट्रिगर चोख आहे. मित्रांनो, मुठीत माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला अधूनमधून तपासा, तिच्यातल्या दोषावर सामने जिंकू नका.

बरं, येते मी. पडद्यावर उलटी मोजणी सुरू झालीय, आबांचं यान शेजारी येऊन उभं राहिलंय आणि राजेश्वरीचा हात माझ्या मुठीवर पडलाय. तीन, दोन, एक!