अर्धा ऐकलेला शब्द

गोपाळराव सर कॉलेजात फ्रेंच शिकवायचे. १९७६च्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची मराठी गेली. फ्रेंचचे थोडे शब्द तेवढे तोंडात राहिले. त्यांची बायको शोभाकाकू, त्यांना फ्रेंचचा गंध नव्हता. मी सरांची विद्यार्थिनी, राहायला नागपुरात, जवळच लकडगंजात. काकूंनी मला बोलावून घेतलं.

"जयवंता, हे काय मांगून राहिले, मले काहीच समजत नाही वं."

मी रोज संध्याकाळी जाऊ लागले. सरांनी वर्गात शिकवलं होतं तसंच मी काकूंना शिकवलं. आधी शब्दाचे तुकडे पाडायचे, मग शेवटच्या तुकड्यावर जोर द्यायचा. उशी म्हणजे 'ओ-रे-ये'. काकूंचा जोर हटकून पहिल्यावर पडे. मग सर चांगल्या हाताचं बोट पलंगावर आपटत, तिसरा ठोका मोठा. काकू पुन्हा म्हणत. बरोबर आलं की सर हसल्यासारखं करत. चार महिन्यांत चाळीसेक शब्द झाले.

मार्चमध्ये परीक्षेमुळे आठवडाभर जमलं नाही. त्याच आठवड्यात सर गेले.

तेरवीनंतर काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं.

"जायच्या आधी काहीतरी म्हणले वं. मी स्टोव्हले पंप मारून राहिली होती, सुरुवात ऐकूच नाही आली. मंग 'दो-ने' ऐकलं. जोर 'ने'वर होता, पक्कं."

'पार-दो-ने' म्हणजे माफ करणे. 'आ-बां-दो-ने' म्हणजे सोडून देणे. मी त्यातला बरा निवडला. "माफ कर म्हणाले असतील, काकू."

"माफी? काहून? काय केलं होतं यायनं?"

दिलासा मिळेल असं मला वाटलं होतं. पण त्यांनी सरांच्या पेट्या उघडल्या, जुनी पत्रं काढली, एकतीस वर्षांचा संसार उलटापालटा केला. महिनाभर जेवणावर लक्ष नव्हतं.

मग एकदा मला आठवलं, वर्गात वही मागताना सर नुसतं 'दोने' म्हणायचे, म्हणजे 'द्या'. मी धावत जाऊन सांगितलं. कदाचित सुरुवात नव्हतीच, काकू. काहीतरी मागत असतील, पाणी वगैरे.

काकूंनी हातातली पत्रं खाली ठेवली.

"म्हणजे तहानलेलेच गेले?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला.

"आता दुसरा अर्थ नोको सांगू वं पोरी."